मधातील क्लोरॅम्फेनिकॉलसाठी एलिसा चाचणी विकसित करताना : नवख्या संशोधकांसाठी मार्गदर्शक

एलिसाचे (प्रतिपिंडाच्या साहाय्याने द्रव्य ओळखून ते रंगाने दाखवणाऱ्या चाचणीचे) तयार किट वापरून शंभर नमुने तपासलेल्या माणसालाही स्वतःची चाचणी उभी करायची वेळ आली की कुठून सुरुवात करावी हे सुचत नाही, कारण किटमध्ये सर्वांत अवघड भाग, म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारे प्रथिन असलेला प्रतिपिंड, दुसऱ्या कोणीतरी आधीच तयार करून दिलेला असतो. मी या कामात पडलो तेव्हा शोधनिबंध भरपूर वाचले होते. त्यांत जे साधले ते लिहिलेले होते आणि कुठे वेळ वाया जातो ते मात्र बहुधा लिहिलेले नव्हते. म्हणून हा लेख एकच उदाहरण धरून लिहीत आहे : मधात उरलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक ओळखणारी स्पर्धात्मक एलिसा. कीटकनाशक, बुरशीजन्य विष किंवा दुसरे औषध तुमच्या वाट्याला आले असले तरी पायऱ्यांचा क्रम फारसा बदलत नाही.

क्लोरॅम्फेनिकॉल निवडण्याचे कारण आहे. या औषधामुळे क्वचित काही माणसांच्या अस्थिमज्जेचे रक्तनिर्मितीचे काम थांबते आणि हा परिणाम मात्रेवर अवलंबून नसतो, म्हणजे अमुक प्रमाणाखाली ते सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. युरोपीय संघाने १९९४ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला. भारतात २०२५ मध्ये अशा प्राण्यांसाठीच्या त्याच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आली. तरी पोळ्यातील अळ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगांवर ते वापरले जाण्याची शक्यता उरते आणि मध निर्यात करणाऱ्याला खेपा तपासाव्या लागतात. एलिसाचे काम चाळणीचे आहे. संशयित नमुना पकडायचा आणि शिक्कामोर्तबासाठी तो रेणू वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या द्रव वर्णलेखन-वस्तुमानमापन यंत्राकडे पाठवायचा.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. क्लोरॅम्फेनिकॉलचा रेणू ३२३ डाल्टनचा, म्हणजे इतका लहान आहे की दोन प्रतिपिंड त्याला दोन बाजूंनी एकाच वेळी धरू शकत नाहीत. त्यामुळे सँडविच पद्धत येथे चालत नाही. प्लेटवर चिकटवलेले औषध आणि नमुन्यातील मोकळे औषध यांच्यात मोजक्या प्रतिपिंडांसाठी चढाओढ लावावी लागते. रंग प्लेटवर अडकलेल्या प्रतिपिंडांमुळे येतो, म्हणून नमुन्यात औषध जितके जास्त तितका रंग फिका येतो.

१. आधी मर्यादेचे गणित मांडा

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी कागदावर एक हिशेब करा. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२२ पासून क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची संदर्भ-पातळी ०.३ वरून ०.१५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो इतकी खाली आणली आहे. म्हणजे एका ग्रॅम मधात ०.१५ नॅनोग्रॅम. समजा तुम्ही २ ग्रॅम मध ४ मिलिलिटर पाण्यात विरघळवला, ४ मिलिलिटर इथाइल अ‍ॅसिटेटने औषध ओढून घेतले, वरच्या थरातील २ मिलिलिटर काढून सुकवले आणि अवशेष अर्ध्या मिलिलिटर बफरमध्ये घेतला. त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम मधातले औषध आले, म्हणजे प्रतिमिलिलिटर ०.३ नॅनोग्रॅम. काढणीत ८० टक्केच हाती लागले असे धरले, तर ०.२४. या आकड्याला तुमच्या वक्रावर, म्हणजे औषधाचे प्रमाण आणि रंग यांच्या आलेखावर, रंग ठसठशीत उतरलेला दिसला पाहिजे. म्हणून आयसी-५०, म्हणजे रंग निम्म्यावर आणणारे औषधाचे प्रमाण, साधारण ०.२ ते ०.३ नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर किंवा त्याहून कमी हवे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे कोणता सीरम (टोचलेल्या प्राण्याच्या रक्तातला प्रतिपिंड असलेला द्रव) ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे तोच ठरवणार आहे.

प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटर नमुन्यावर ५० मायक्रोलिटर प्रतिपिंड पडतो, तेव्हा नमुना पुन्हा निम्मा पातळ होतो, पण प्रमाणित द्रावणेही तशीच निम्मी होत असल्याने हिशेबात हा दुपटीचा फरक पुन्हा धरायचा नसतो. हा घोळ मी एकाहून अधिक प्रबंधांत पाहिला आहे.

२. कागदपत्रे आणि सामान लवकर जमवा

सशांवर किंवा उंदरांवर काम करायचे तर तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी आधी हवी, आणि संस्थेचे प्राणीगृह सीसीएसईए या केंद्रीय समितीकडे नोंदलेले असावे लागते. पूर्वी हीच समिती सीपीसीएसईए नावाने ओळखली जाई. अर्जात प्राण्यांची संख्या, टोचणीचे वेळापत्रक, रक्त काढण्याचे प्रमाण आणि वेदना कमी करण्याचे उपाय लिहावे लागतात. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून हा अर्ज रसायनाचे काम सुरू करण्याच्या दिवशीच द्या. एकवंशी प्रतिपिंड (एकाच पेशीच्या वंशातून आलेले, म्हणून सगळे एकसारखे) करायचे असतील तर लागणाऱ्या पेशीवंशांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडाराकडे चौकशी करता येते. तिथली मागणीची कागदपत्रेही आधीच पाहून ठेवा.

सामानात ९६ खळग्यांच्या जास्त बंधनक्षमतेच्या प्लेटा, प्लेट-रीडर, बहुमुखी पिपेट, डायलिसिसच्या नळ्या, नायट्रोजनखाली सुकवण्याची सोय आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर एवढे हवेच. रसायनांत शुद्धतेचे प्रमाणपत्र असलेले क्लोरॅम्फेनिकॉल, त्याच्या जवळची थायम्फेनिकॉल आणि फ्लोरफेनिकॉल ही औषधे, बैलाच्या रक्तातील अल्ब्युमिन म्हणजे बीएसए, अंड्यातील ओव्हाल्ब्युमिन, एचआरपी हे विकर जोडलेला दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारा) आणि त्या विकरामुळे रंग धरणारे टीएमबी. आणि सर्वांत विसरली जाणारी वस्तू म्हणजे औषध नसलेला मध. तो बाजारातून आणून ‘कोरा’ मानू नका. यंत्रावर तपासून खात्री केलेला मध मिळवा आणि तो पुरेसा साठवा.

३. हॅप्टेन : रेणूला कुठून धरायचे

एवढ्याशा रेणूविरुद्ध शरीर स्वतःहून प्रतिपिंड बनवत नाही, त्याला मोठ्या वाहक प्रथिनावर चढवावे लागते. असा चढवायचा लहान रेणू म्हणजे हॅप्टेन. ज्या जागेने तुम्ही रेणू प्रथिनाला जोडता ती जागा प्रतिपिंडाला दिसत नाही आणि जी टोके मोकळी राहतात तीच तो ओळखायला शिकतो. एवढे एक वाक्य कळले तर या विषयाचे अर्धे रसायन कळले.

क्लोरॅम्फेनिकॉलच्या एका टोकाला नायट्रो गट असलेले बेंझिनचे कडे आहे, दुसऱ्या टोकाला दोन क्लोरीन असलेला अमाइड गट, आणि मध्ये दोन हायड्रॉक्सिल गट. नायट्रो गटाचे अमाइनमध्ये रूपांतर करून डायअ‍ॅझो पद्धतीने तिथून जोडणी केली, तर प्रतिपिंड त्या टोकाबाबत आंधळा होतो. थायम्फेनिकॉलमध्ये नेमके तेच टोक वेगळे असते, म्हणून असा प्रतिपिंड दोन्ही औषधांत गल्लत करण्याची भीती राहते. याउलट बाजूच्या प्राथमिक हायड्रॉक्सिलवर सक्सिनेट या छोट्या साखळीचा पूल बांधला तर दोन्ही वैशिष्ट्यपूर्ण टोके उघडी राहतात. क्लोरॅम्फेनिकॉल सोडियम सक्सिनेट हे इंजेक्शनचे औषध म्हणून विकत मिळते आणि त्यात जोडणीस लागणारा कार्बॉक्सिल गट तयारच असतो, त्यामुळे नवख्यासाठी ही वाट सोपी आहे. मात्र त्या भुकटीत सक्सिनेट वेगवेगळ्या हायड्रॉक्सिलवर बसलेली रूपे मिसळलेली असतात. म्हणून पातळ थर वर्णलेखन करून काय हाती आहे ते पाहा आणि जमल्यास वेगळे करून घ्या.

याच टप्प्यावर प्लेटसाठीचा दुसरा हॅप्टेनही ठरवा. सक्सिनेटऐवजी ग्लुटारेटचा, म्हणजे एका कार्बनने लांब असलेला पूल वापरून ओव्हाल्ब्युमिनला जोडलेले क्लोरॅम्फेनिकॉल बनवून ठेवा. त्याचे कारण सहाव्या पायरीत येते.

४. प्रथिनाशी जोडणी आणि तिची खात्री

कोरड्या डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये कार्बॉक्सिल गटाचा सक्रिय एस्टर तयार करून तो थंड बफरमधील प्रथिनात थेंबथेंब सोडायचा, रात्रभर ढवळायचे आणि नंतर तीन दिवस बफर बदलत डायलिसिस करायचे, ही नेहमीची रीत. बफर फॉस्फेट किंवा कार्बोनेटचा घ्या. ट्रिस किंवा ग्लायसिन घेतले तर त्यांतील अमाइन गटच तुमचा हॅप्टेन खाऊन टाकतात आणि प्रथिन कोरे राहते.

जोडणी झाली की नाही हे पाहताना एक खास अडचण येते. पुष्कळ हॅप्टेनांसाठी अतिनील वर्णपट घेऊन प्रथिनाच्या २८० नॅनोमीटरच्या शिखराशेजारी नवे शिखर दिसते का ते पाहतात. क्लोरॅम्फेनिकॉलचे स्वतःचे शिखर २७८ नॅनोमीटरला आहे. दोन्ही एकमेकांवर बसतात आणि केवळ वर्णपटावरून काढलेला आकडा फसवा ठरतो. म्हणून माल्डी या वस्तुमानमापनाच्या पद्धतीने जोडाचे वस्तुमान मोजून घ्या. प्रत्येक हॅप्टेन चढला की प्रथिनाचे वजन सुमारे ४०५ डाल्टनने वाढते. बीएसएचे शिखर ६६,४३० वरून ७२,५०० वर सरकलेले दिसले, तर ६,०७० भागिले ४०५, म्हणजे सरासरी १५ हॅप्टेन बसले. टोचणीसाठी १० ते २० ही संख्या चांगली. प्लेटवरच्या ओव्हाल्ब्युमिनवर मात्र मोजकेच हॅप्टेन असू द्या, कारण तिथे दाटी केली तर मोकळ्या औषधाला प्रतिपिंड हिसकावून घेणे जड जाते.

सक्सिनेटची जोडणी एस्टरची असल्याने ती पाण्यात हळूहळू तुटते. द्रावण फ्रीजमध्ये महिनोन् महिने ठेवू नका. लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवा किंवा गोठवून सुकवा.

५. प्राण्यांना टोचणी

पहिल्या टोचणीपूर्वी प्रत्येक सशाचे थोडे रक्त काढून सीरम राखून ठेवा. हे विसरलात तर पुढे तुलनेला आधारच राहत नाही. किमान तीन ससे घ्या, कारण एकाच मिश्रणाला तिघांचे शरीर तीन तऱ्हांनी उत्तर देते. पहिली टोचणी फ्रॉइंडच्या पूर्ण सहायकात (शरीराचा प्रतिसाद वाढवणाऱ्या तेलकट मिश्रणात), पुढच्या सर्व अपूर्ण सहायकात. पूर्ण सहायक दुसऱ्यांदा दिला तर जखमा होतात, शिवाय तो तुमच्याच बोटात टोचला गेला तरी दुखणे लांबते, म्हणून सुई हाताळताना घाई नको. तेल-पाण्याचे पायस नीट झाले का हे पाहायची जुनी रीत अजून उत्तम आहे : एक थेंब पाण्यावर सोडावा, तो न पसरता पांढऱ्या मण्यासारखा तरंगत राहिला पाहिजे. टोचण्यांत तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा आणि प्रत्येक वाढीव टोचणीनंतर सात ते दहा दिवसांनी रक्त तपासा.

उंदरांपासून एकवंशी प्रतिपिंड काढण्याची पद्धत १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी दिली आणि कायम पुरणारा एकसारखा प्रतिपिंड हवा असेल तर तीच वाट घ्यावी लागते. पण पहिल्याच प्रकल्पात थेट तिकडे जाऊ नका. सशाच्या सीरमवर हॅप्टेन बरोबर आहे हे सिद्ध होऊ द्या.

६. सीरमची निवड : टायटरला भुलू नका

माझे सर्वांत मोठे नुकसान या पायरीवर झाले. आमच्या एका सशाच्या सीरमचा टायटर, म्हणजे किती पट पातळ केला तरी तो रंग देतो तो आकडा, एकास अडीच लाखांपर्यंत गेला आणि आम्ही तो आनंदाने पुढच्या कामाला घेतला. काही महिन्यांनी मोकळे औषध घालून वक्र काढायला बसलो तेव्हा प्रतिमिलिलिटर १०० नॅनोग्रॅम औषध घातलेल्या खळग्याचा आणि औषध नसलेल्या खळग्याचा पिवळा रंग शेजारीशेजारी अगदी सारखा होता. प्रतिपिंड औषधाला ओळखतच नव्हते, ते सक्सिनेटच्या पुलासकट सगळ्या जोडाला ओळखत होते. प्लेटवरही तोच पूल होता. मग मोकळ्या रेणूला कोण विचारणार? आम्ही मोजायची गोष्टच मोजली नव्हती.

म्हणून पहिल्या रक्तापासूनच प्रत्येक सीरम दोन खळग्यांत तपासा. एकात नुसता बफर, दुसऱ्यात मोकळे क्लोरॅम्फेनिकॉल, आधी १० आणि नंतर १ नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर. दुसऱ्या खळग्यात रंग किती टक्क्यांनी घटला एवढाच निकष ठेवा. कमी टायटरचा पण मोकळ्या औषधाने पटकन अडणारा सीरम हा जास्त टायटरच्या हट्टी सीरमपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. येथेच ग्लुटारेटचा पूल कामाला येतो. प्लेटवर वेगळा पूल असला की पुलाला चिकटणारे प्रतिपिंड सैल पडतात आणि मोकळ्या औषधाला संधी मिळते. आमच्याच दुसऱ्या सशाचा सीरम सक्सिनेटच्या प्लेटवर निकामी वाटला होता, तो ग्लुटारेटच्या प्लेटवर चाचणीयोग्य निघाला.

एकवंशी प्रतिपिंडांच्या वसाहती चाळतानाही हाच दोन खळग्यांचा नियम पाळा.

७. चेकरबोर्ड आणि प्रमाण-वक्र

प्लेटच्या उभ्या ओळींत कोटिंगचे, म्हणजे प्लेटवर चिकटवायच्या जोडाचे, प्रमाण आणि आडव्या ओळींत प्रतिपिंडाची विरलता उतरत्या क्रमाने बदलत न्या. औषध नसताना ओडी (प्लेट-रीडरने मोजलेली रंगाची तीव्रता) १ ते १.५ च्या आसपास देणाऱ्या जोड्यांपैकी सर्वांत कमी कोटिंग आणि सर्वांत कमी प्रतिपिंड असलेली जोडी निवडा. प्रतिपिंड जितका मोजका, तितके थोड्या औषधानेही रंगात फरक पडतो. भडक रंग डोळ्यांना बरा वाटतो, पण तो संवेदनशीलता गमावून आलेला असतो.

कोटिंग ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये ४ अंशांवर रात्रभर करा आणि धुण्यासाठी ०.०५ टक्के ट्वीन घातलेला फॉस्फेट बफर घ्या. ब्लॉकिंगसाठी, म्हणजे प्लेटची उरलेली मोकळी जागा झाकण्यासाठी, बीएसए वापरू नका, कारण तुमच्या सशाने बीएसएविरुद्धही भरपूर प्रतिपिंड बनवलेले आहेत आणि सगळी प्लेट पिवळी होईल. दुधाची भुकटीही मी टाळतो, कारण तीत बैलवर्गीय अल्ब्युमिनचे अंश असतात आणि प्रतिजैविकाचा अंश नसेल याची हमी नसते. माशांचे जिलेटिन चांगले काम देते. तसेच बफर टिकावा म्हणून सोडियम अझाइड घालायची सवय असेल तर ती येथे सोडा, त्याने एचआरपी निकामी होतो.

बाहेरच्या कडेचे खळगे मधल्यांपेक्षा लवकर गरम होतात आणि त्यांत रंग वेगळा येतो. एप्रिल-मे महिन्यांत फ्रीजमधून काढलेली प्लेट लगेच वापरली तर हा फरक इतका वाढतो की संपूर्ण वक्र वाकडा येतो. प्लेट आणि सर्व द्रावणे अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि शक्य असेल तर कडेच्या खळग्यांत नुसता बफर भरा. वक्र चार प्राचलांच्या सूत्राने बसवा आणि रंग २० ते ८० टक्के अडलेल्या पट्ट्याबाहेरचे आकडे अहवालात देऊ नका.

८. सख्खे-चुलत रेणू

थायम्फेनिकॉल, फ्लोरफेनिकॉल, फ्लोरफेनिकॉल अमाइन आणि तुमचा स्वतःचा सक्सिनेट हॅप्टेन यांचे वक्र एकाच दिवशी, एकाच प्लेट-संचावर काढा. क्लोरॅम्फेनिकॉलच्या आयसी-५० ला दुसऱ्या रेणूच्या आयसी-५० ने भागून शंभरने गुणले की परस्पर-अभिक्रियेची टक्केवारी मिळते, मात्र दोन्ही आकडे मोलमध्ये घ्या. सक्सिनेटची टक्केवारी शंभराच्या वर गेली तर घाबरू नका, ती जवळजवळ नेहमीच जाते. मधात ते नसते. प्राण्याच्या शरीरात बनणारा ग्लुकुरोनाइड त्याच हायड्रॉक्सिलवर बसतो, म्हणून पुढे मांस किंवा मूत्र तपासायचे ठरले तर त्याचीही तपासणी अवश्य करा.

९. बफरमधून मधात

बफरमधला देखणा वक्र मधात टिकत नाही, हे गृहीत धरूनच पुढे जा. मधाची आम्लता, त्यातील फिनॉल वर्गाची द्रव्ये आणि रंग हे सर्व प्रतिपिंडाच्या कामात अडथळा आणतात, आणि हा अडथळा रंग फिका करतो, म्हणजे स्वच्छ मध दूषित भासतो. शिवाय प्रत्येक मध वेगळा. महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध गडद, मोहरीचा मध फिकट आणि लवकर रवाळ होणारा. फक्त फिकट मधावर चाचणी बसवलीत तर जांभळाच्या आणि कारवीच्या मधाचे नमुने स्वच्छ असूनही एकामागून एक दूषित ठरतील. किमान सहा-सात फुलोऱ्यांचे कोरे मध जमवा, प्रत्येकात ०.१५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो औषध मिसळून हाती किती लागते ते पाहा आणि प्रमाण-वक्र कोऱ्या मधाच्या अर्कातच काढा. रवाळ मध ४० अंशांच्या आसपास कोमट करून एकजीव करा. सुकवताना इथाइल अ‍ॅसिटेटचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, कारण त्याचा लवलेशही प्रतिपिंडाला बिघडवतो.

१०. प्रमाणीकरण आणि सीरमची जपणूक

चाळणी-चाचणीची परीक्षा सोपी आणि निष्ठुर आहे. वेगवेगळ्या मूळांचे २० कोरे मध आणि त्याच २० मधांत संदर्भ-पातळीइतके किंवा तिच्याखालचे औषध मिसळून केलेले २० नमुने घ्या, ते वेगवेगळ्या दिवशी आणि शक्य तर दोन व्यक्तींकडून तपासून घ्या. औषध मिसळलेल्या २० पैकी किमान १९ पकडले गेले पाहिजेत, कारण दूषित नमुना सुटण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. कोरा मध चुकून दूषित ठरला तर फक्त यंत्राचा खर्च वाढतो. दूषित मध सुटला तर तो लहान मुलाच्या चमच्यात जातो. हद्द ठरवताना या दोन चुकांना सारखे वजन देऊ नका. नंतर किमान काही डझन बाजारी नमुने आंधळ्या क्रमांकांनी, म्हणजे कोणता नमुना कुठला हे तपासणाऱ्याला कळू न देता, यंत्राशी ताडून पाहा.

ससा कायमचा नसतो. चाचणी चालू लागली की त्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवा : कोणता ससा, कितवे रक्त, कोणत्या दिवशी. सीरम ५० किंवा १०० मायक्रोलिटरचे भाग करून दोन वेगळ्या फ्रीझरांत ठेवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. प्रत्येक नव्या भागाचा वक्र जुन्या भागाच्या शेजारी, त्याच प्लेटवर काढा. आयसी-५० सरकलेला दिसला तर नमुने थांबवा आणि सीरमवर संशय घेण्यापूर्वी कोटिंगचे द्रावण नवे करून पाहा, कारण एस्टरचा पूल बहुधा आधी तुटतो.